वातीची कुंडी आणि पुदिना: सात महिने वापरल्यानंतर

पुदिना मी याआधी तीनदा लावला आणि तिन्ही वेळा गमावला. नोकरी फिरतीची असल्यामुळे तीन-चार दिवस पाणी पडायचं नाही. परत आल्यावर बॅग खाली ठेवायच्या आधी खिडकीपाशी जायचे, तर काड्या हात लावताच मोडतील इतक्या वाळलेल्या. आता बाबा माझ्याकडे राहतात, पण त्यांना वाकून झारी उचलणं जमत नाही. म्हणून खाली पाण्याची टाकी असलेल्या, वातीवर चालणाऱ्या दोन सारख्या कुंड्या घेतल्या.

वरचं भांडं सुमारे 30 सेंटिमीटर रुंद आणि 18 सेंटिमीटर खोल. त्याखाली दोन लिटरची टाकी, मध्ये जाळीचा तळ आणि जाळीतून पाण्यात सोडलेल्या दोन सुती वाती. दिव्याची वात तेल ओढते तशी ही पाणी ओढते. वरची माती कोरडी पडू लागली की ओढ वाढते, ओली असली की मंदावते. बाजूला पाणी भरायचं तोंड, आत तरंगणारा लाल काटा, आणि टाकीच्या तळाशी बूच. हे बूच खरेदी करताना मला बिनकामाचं वाटलं होतं. आता या कुंडीतली सगळ्यात मोलाची वस्तू तीच वाटते. त्याचं पुढे सांगते.

पसरटपणा पुदिन्याला फार मानवला. हे झाड खोल जात नाही, आडवं धावतं. मातीलगत नवी खोडं सोडतं आणि प्रत्येक पेराशी मुळं धरतं. माझी जुनी कुंडी उंच आणि अरुंद होती. तिच्यात तळ कायम चिकचिकीत राहायचा आणि वर मुळांना काहीच मिळायचं नाही. या कुंड्यांत दीड महिन्यात माती दिसेनाशी झाली.

पुदिन्याचे दोन प्रकार घेतले: एका कुंडीत स्पिअरमिंट लावला, दुसरीत पेपरमिंट. दोन्ही एकत्र लावायचा मोह आवरा, जोरकस वाढणारा दुसऱ्याला गिळतो. बियांच्या नादीही लागू नका. पेपरमिंट हा मुळात संकर, त्याला रुजणारं बी जवळजवळ धरतच नाही. बोटभर लांबीच्या काड्या पेराच्या खाली कापल्या, खालची पानं काढली आणि पेल्यात पाण्यात ठेवल्या. एक दिवसाआड पाणी बदललं. दहाव्या दिवशी पांढरी मुळं हाताच्या नखाएवढी झाली होती.

आता दोष. सोबतच्या कागदावर ‘कोणतीही माती भरा’ असं छापलंय, ते चूक आहे. स्पिअरमिंटच्या कुंडीत मी साधी जड माती भरली आणि पेपरमिंटच्या कुंडीत निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), उरलेल्यात कुजलेलं खत आणि जाड वाळू. जड माती खालून पाणी पिऊन घट्ट बसली, मुळांना हवा मिळेना, खालची पानं पिवळी पडली. महिन्याभरात सगळं उपसून तिथेही कोकोपीटचं मिश्रण भरलं, तेव्हा झाड सावरलं.

तिसऱ्या महिन्यात दुसरा प्रकार. टाकी भरलेली, काटा वर, तरी पेपरमिंटचे शेंडे माना टाकून बसलेले. भांडं उचलून पाहिलं तर वाती कुजून काळ्या आणि बुळबुळीत झालेल्या. ज्या वस्तूचं सगळं काम वातीवर चालतं, तिला सुती वात द्यावी याचा मला खरंच राग आला. नायलॉनची जाड पिळाची दोरी आणली, बसवण्याआधी रात्रभर भिजवली. चार महिने झाले, ती जशीच्या तशी आहे. पाणी भरायच्या तोंडाला झाकणही नाही. साठलेल्या पाण्यात डास अंडी घालतात, तेव्हा पहिल्याच दिवशी बारीक जाळी रबराने बांधा.

आणि ते बूच. पाणी सतत खालून वर जातं, वरून उडून जातं, पण त्यातले क्षार मातीच्या वरच्या थरातच राहतात. दोन महिन्यांनी पांढरी साय दिसली. तेव्हापासून महिन्यातून एकदा बूच काढून वरून भरपूर पाणी घालते आणि सगळं वाहून जाऊ देते. बूच नसलेली कुंडी दिसली तर घेऊ नका.

इतकं असूनही कुंडी मला आवडली, कारण पाच दिवसांनी घरी आले तरी झाड हिरवं असतं. कडक उन्हाळ्यात मात्र तिसऱ्या दिवशीच काटा तळाला गेला होता. सकाळचं चार तास ऊन तिला पुरतं.

पानं एकेक खुडत बसू नका. पेराच्या जरा वर शेंडाच कापा, तिथून दोन फांद्या फुटतात. तुरा यायच्या बेतात असताना पानांत तेल सर्वांत जास्त असतं, मोठी छाटणी मी तेव्हाच करते. पानाच्या मागे नारिंगी ठिपके दिसले तर तो तांबेरा. तेवढ्या फांद्या मुळाशी कापून घराबाहेर टाकायच्या.

स्पिअरमिंट स्वयंपाकासाठी. त्याचा वास कार्व्होन या सुगंधी द्रव्याचा, गोडसर आणि सौम्य. दही-काकडीत, उकडलेल्या बटाट्यावर, लिंबाच्या पाण्यात, पण नेहमी शेवटी आणि धारदार सुरीने कापून. बोथट सुरीने पान चेचतं आणि काळं पडतं. आचेवर ठेवलं की सुगंध उडून जातो.

पेपरमिंट बाबांचा. त्यात मेंथॉल असतं आणि ते जिभेवरच्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रेणूला, चेतवतं, म्हणून गरम पाण्यातही गारवा जाणवतो. हीच ग्राही मेंथॉल वापरून शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूशियन यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेला खाली ठेवून पुन्हा सगळं सांगायला लावलं. आजारपणानंतर त्यांना कशाचीच चव लागत नव्हती, तेव्हा हाच एक पेला ते मागून घ्यायचे. सात-आठ पानं हातावर हलकी चोळायची, उकळतं पाणी ओतायचं आणि सहा मिनिटं झाकून ठेवायचं. झाकलं नाही तर तेल वाफेबरोबर जातं. मला स्वतःला मात्र तो रात्री चालत नाही. जळजळ वर येण्याचा त्रास असलेल्यांना पेपरमिंट तो वाढवू शकतो.

जास्तीची पानं चिरून पाण्यासह बर्फाच्या साच्यात गोठवते. सावलीत वाळवलेली पानं बरणीत अख्खीच ठेवते आणि वापरताना चुरते.

पाचपैकी साडेतीन गुण. एक वातीसाठी कापला, अर्धा झाकणासाठी. दोन्ही कुंड्यांत मुळांचा आता एकच गड्डा झालाय आणि कडेच्या काड्या पातळ येऊ लागल्यात. पुढच्या आठवड्यात तो काढून चार भाग करणार आहे. बाबांनी त्यांच्या भागासाठी खिडकीची उजवी बाजू आधीच मोकळी करून ठेवली आहे.