पुडी की कागद: गावातला डॉक्टर, तालुक्याचा एम.डी. आणि सरकारी दवाखाना

मागच्या आठवड्यात भाच्याचा पुण्याहून फोन आला. त्याचे आईवडील आमच्याच भागात, वर्धा जिल्ह्यात, शेजारच्या गावी राहतात. "मामा, बाबांना ताप आला तर आधी कुठं न्यायला सांगू?" फोनवर घाईत उत्तर दिलं, म्हणून आता नीट लिहितो. मी कास्तकार आहे, डॉक्टर नाही. पण घरात सत्तरी ओलांडलेली माय, बीपीचे वडील आणि दोन लेकरं असल्यानं गेल्या दहा वर्षांत या तिन्ही दवाखान्यांचे उंबरे झिजवले आहेत.

गावातल्या डॉक्टरपासून सुरुवात करतो, कारण बहुतेक जण तिथूनच करतात, आणि त्यात चूक काही नाही. आमच्याकडचे डॉक्टर मोटरसायकलवर येतात. रात्री नऊलाही फोन उचलतात. घरातल्या प्रत्येकाला नावानं ओळखतात. पैसे नसले तर "कापूस विकला की देजा" म्हणतात, आणि खरोखरच दिवाळीपर्यंत थांबतात. पऱ्हाटी वेचायच्या दिवसांत दवाखान्यापायी दिवसाची मजुरी बुडत नाही, ही सोय ज्याला लहान वाटते त्यानं एकदा सोयाबीनच्या सोंगणीत तालुक्याला जाऊन यावं.

सुई आणि सलाईनचा दोष मी एकट्या डॉक्टरवर टाकणार नाही. "लई कमजोरी आली, एक सलाईन लावून द्या" असं आपणच म्हणतो. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, 5 टक्के ग्लुकोजच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर. ज्याला तोंडानं पिता येतं, उलटी थांबलेली आहे, त्याला ओआरएसच्या एका पुड्याचं लिटरभर पाणी पुष्कळ होतं, आणि ते आशाताईंकडे फुकट मिळतं. लेकराला हगवण लागली असेल तर सोबत झिंकच्या गोळ्या 14 दिवस पूर्ण द्यायच्या. हगवण तिसऱ्या दिवशी थांबली तरी. मोठ्या पोराच्या वेळी मी चौथ्या दिवशी बंद केल्या होत्या आणि महिन्याभरात तो पुन्हा आजारी पडला. त्याचं कारण तेच होतं असं मी म्हणत नाही, पण धाकट्याच्या वेळी 14 मोजून दिल्या.

तालुक्याच्या एम.डी. डॉक्टरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांचं ज्ञान वादाचा विषय नाही. रक्ततपासणी तिथंच, ईसीजी तिथंच, छातीत दुखलं तर मी दुसरीकडं बघणारसुद्धा नाही. अडचण दिवसाची आहे. सकाळी आठला नंबर लावला तर दुपारी दोनला आत, रिपोर्ट चारला, शेवटची एसटी साडेपाचची. आणि ताप म्हटला की तपासण्यांची एक ठरलेली माळ निघते. त्यातली विडाल नावाची रक्ततपासणी एकदाच केली तर टायफॉईड ठरवायला फारशी भरवशाची नसते, हे मला पुढं सेवाग्रामला एका डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. तोवर आमच्या घरात दोन वेळा टायफॉईड "निघाला" होता.

आता ज्या गोष्टीनं माझा निर्णय झाला ती सांगतो. ती पुडीची आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात मायला ताप भरला. आठवडाभर आधी ती धुऱ्यावरचं गवत कापायला गेली होती, पण तेव्हा कोणाच्या ते लक्षात आलं नाही. गावातल्या डॉक्टरांनी सुई दिली, वर्तमानपत्राच्या कागदात बांधून सकाळ-दुपार-संध्याकाळच्या सुट्या गोळ्या दिल्या. अर्धा दिवस ताप उतरला, रात्री पुन्हा चढला. दुसरी सुई, दुसरी पुडी. पाचव्या दिवशी ती उभी राहीना, तेव्हा तालुक्याला नेलं.

तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न: "आधी काय दिलंय?"

माय म्हणाली, "एक पांढरी गोई व्हती, अन् अर्धी पिवयी."

मी पुडी पुढं केली. तिच्यात एकच गोळी उरली होती, तिच्यावर ना नाव, ना अक्षर. गावातल्या डॉक्टरांना फोन लावला, ते कुठल्या तरी लग्नात होते, लागला नाही. रक्तात साखर 280 निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "शुगर आहे का यांना?" नव्हती. मग ती तापानं वाढली, की सुईत स्टेरॉइड होतं म्हणून वाढली? स्टेरॉइडनं ताप तात्पुरता उतरतो आणि साखर चढते, त्यामुळं दोन्ही शक्यता होत्या. सुईचं नाव कुणालाच माहीत नाही. तीन महिन्यांच्या सरासरीची साखर, एचबीए1सी, तपासली तर ती 5.8 आली, म्हणजे मधुमेह नव्हता. पण त्या एका रात्रीत मायच्या कपाळी आयुष्यभराचा आजार लागता लागता राहिला.

निदान शेवटी डोळ्यांनी झालं. सिस्टरनं कपडे बदलताना काखेत एक काळी खपली बघितली, विडीचा चटका बसावा तशी. स्क्रब टायफस. गवतातल्या बारीक किड्याच्या पिल्लांच्या चावण्यातून होणारा ताप. 2018च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत याचे बरेच रुग्ण सापडले होते. डॉक्सिसायक्लिन सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मायनं भाकर मागितली.

डॉक्टर नंतर जे बोलले ते माझ्या मनात रुतलं आहे. या तापावर पेनिसिलिनच्या जातीची आणि "सेफ"नं नाव सुरू होणारी औषधं चालत नाहीत. मायला आधी त्यातलं काही दिलं गेलं असेल आणि ते कागदावर असतं, तर औषध घेऊनही ताप हटला नाही हाच स्क्रब टायफसकडं बोट दाखवणारा एक पुरावा ठरला असता. पुडीनं तो पुरावा खाल्ला.

गावातल्या डॉक्टरांनी चुकीचं औषध दिलं, असं मी कधीही म्हणणार नाही. कदाचित बरोबर दिलं असेल. मला ते कळूच शकत नाही, आणि पुढच्या डॉक्टरलाही कळू शकलं नाही, हीच माझी तक्रार आहे. नंतर मी त्यांना विनंती केली, "डॉक्टरसाहेब, चिठ्ठीवर नावं लिहून द्या." त्यांनी दोनदा दिली, तिसऱ्यांदा पुन्हा पुडी आली.

सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मी जायला लागलो तो या कारणानं, फुकट आहे म्हणून नव्हे. 15 ऑगस्ट 2023पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसुद्धा मोफत झाला, हे चांगलंच आहे. पण माझ्यासाठी किंमत त्या केसपेपरची आहे. त्यावर तारीख, वजन, बीपी, औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, किती दिवस. गोळ्या स्ट्रिपमध्ये. स्ट्रिप कापून देतात तेव्हा नाव नसलेला तुकडा हाती येतो कधी कधी. मी फार्मसिस्टला म्हणतो, "दादा, नावाचा तुकडा द्या," आणि ते देतात. वडिलांच्या बीपीचं वेगळं कार्ड आहे. अ‍ॅम्लोडिपिन 5 सुरू झालं तेव्हा वरचं बीपी 164, चार महिन्यांनी 132, सगळं एका कार्डावर. कोणीही नवीन डॉक्टर आला तरी त्याला दोन मिनिटांत चित्र कळतं. आणि डॉक्टर बदलतात, दर वर्षी बदलतात, ही तिथली खरी अडचण आहे.

बाकीच्या अडचणीही लपवत नाही. सपाट भागात 30,000 लोकांमागं एक केंद्र आणि आदिवासी भागात 20,000 लोकांमागं एक, असा निकष आहे. बाजाराच्या दिवशी ते सगळे एकदमच आलेत असं वाटतं. डॉक्टर मीटिंगला गेलेले असू शकतात. खोकल्याचं औषध संपलेलं असतं. कोणी गोड बोलत नाही. पण दोन आठवड्यांवर खोकला गेला तर टीबीसाठी थुंकी तपासतात, तापात आशाताई गावातच बोटाला टोचून मलेरियाची तपासणी करतात, आणि हातपाय वारंवार दुखणाऱ्या पोराला "वात आहे" म्हणून घरी न पाठवता सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी सुचवतात. आपल्या विदर्भात ही शेवटची गोष्ट फार मोठी आहे. माझ्या चुलत बहिणीच्या पोराला सहा वर्षं दुखण्याच्या सुया दिल्या गेल्या, आणि आजार होता सिकलसेल.

उपकेंद्रात बसून ई-संजीवनीवर दूरच्या डॉक्टरला दाखवता येतं. वडिलांच्या गोळ्या पुढं चालू ठेवायला ते दोनदा कामी आलं. तापासाठी मी ते वापरणार नाही. कॅमेऱ्याला काख दिसत नाही.

माझ्या घरचा क्रम असा झाला आहे. साधा ताप, खोकला, हगवण, बीपी, शुगर, सगळं सरकारी. ताप आला की तिथं पोचेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, दुखण्याची दुसरी कुठलीही गोळी नाही, कारण डेंग्यू असला तर डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेन रक्तस्राव वाढवू शकतात. पोटात सारखं दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, लघवी कमी झाली असेल, तर रात्र असली तरी 108 ला फोन. फवारणी करताना लाळ सुटली, घाम फुटला, डोळ्यांची बाहुली टाचणीएवढी झाली तर कोणत्याच छोट्या दवाखान्यात थांबायचं नाही, सरळ मोठं रुग्णालय. 2017मध्ये फवारणीच्या विषबाधेत यवतमाळनं काय सोसलं ते आपण पाहिलं आहे. छातीत दुखलं तर तालुका. आणि काट्याची जखम, रात्रीची मलमपट्टी यासाठी गावातले डॉक्टर आजही आमचेच आहेत; मी त्यांना सोडलेलं नाही, फक्त औषधाचं नाव विचारल्याशिवाय उठत नाही.

ज्याला खाजगीच आवडतं त्यानं खुशाल जावं. एवढं लक्षात असू द्या की आपले उपचाराचे कागद मागितले तर 72 तासांत द्यावेत, असा डॉक्टरांच्या 2002च्या आचारसंहितेत नियमच आहे. मागायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा.

काल भाच्यानं फोटो पाठवला. भाऊजींच्या तळहातावर दोन सुट्या गोळ्या, एक गुलाबी आणि एक अर्धी पांढरी. "मामा, बाबा या वर्षभर घेतायत. कशाच्या आहेत?" मी भाऊजींना फोन करून सांगितलं, सोमवारी सकाळी साडेआठला येतो, पुडी फेकू नका, सोबत घ्या.