रीच फर्गिव्हनेस वर्कबुक: भाऊबंदकीतल्या जुन्या रागावर कितपत चालतं?

मनात वर्षानुवर्षं धरलेला राग टप्प्याटप्प्याने उतरवण्यासाठीचं हे स्वतःच करायचं वर्कबुक आहे. किंमत शून्य, वेळ साधारण तीन तास. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक, मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन यांनी ते बनवलं आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावरून ते फुकट उतरवून घेता येतं. आमचं मत आधीच सांगतो: करून बघण्यासारखं आहे. मात्र सोलापूरच्या घरात ते जसंच्या तसं लागू करायला गेलात तर दोन ठिकाणी हमखास अडतं, आणि एका ठिकाणी नुकसानही होऊ शकतं.

आधी त्याची पत. 2024 साली 'बीएमजे पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात या वर्कबुकाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. कोलंबिया, हाँगकाँग, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि युक्रेन या ठिकाणच्या 4,598 लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला वर्कबुक लगेच दिलं, दुसऱ्याला दोन आठवडे थांबवलं. लगेच मिळालेल्यांची अढी जास्त कमी झाली, शिवाय उदासी आणि चिंतेची लक्षणंही उतरली. भारत त्यात नव्हता, हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं. वर्दिंग्टन या विषयावर काम करत असतानाच 1996च्या नववर्षाच्या सुमारास त्यांच्या आईचा घरात शिरलेल्या चोराने खून केला. ही पद्धत त्यांना स्वतःच्या घरातच वापरावी लागली. 'झालं गेलं गंगेला मिळालं' असा उडवून लावणारा सूर वर्कबुकात कुठेही नाही, त्याचं मूळ इथे असावं.

रीच हे पाच इंग्रजी अक्षरांचं नाव आहे. आर म्हणजे घडलेलं आठवणं, ई म्हणजे समोरच्याच्या जागी उभं राहून बघणं, ए म्हणजे क्षमा दान म्हणून देणं, सी म्हणजे ती पक्की करणं आणि एच म्हणजे राग परत आला तरी ती धरून ठेवणं. या सगळ्याच्या आधी एक फरक समजावला आहे, आणि पूर्ण वर्कबुकातली सर्वांत कामाची गोष्ट हीच. क्षमा दोन प्रकारची असते: ठरवलेली आणि मनातून झालेली. 'मी याचा सूड घेणार नाही, याच्याशी माणसासारखं वागेन' हे एका दुपारी ठरवता येतं. छातीतली जळजळ जायला मात्र महिने लागतात. हा फरक माहीत नसला की दुसऱ्या दिवशी राग आला म्हणून माणूस म्हणतो, 'मला काही जमलं नाही', आणि सगळं सोडून देतो.

पहिली अडचण घटना निवडताना येते. वर्कबुक एका माणसाने केलेली एकच घटना मागतं. आपल्याकडे राग 'त्या घरावर' असतो: काका, काकू, त्यांची मुलं, मध्ये बोललेला मामा, सगळ्यांवर मिळून. असं गाठोडं घेऊन बसलात तर दुसऱ्याच टप्प्याला अडकाल, कारण पाच जणांच्या जागी एकाच वेळी उभं राहता येत नाही. गाठोड्यातून एक माणूस आणि एक दिवस काढा. बांध कोरला तो दिवस, किंवा लग्नात आहेर परत पाठवला तो दिवस. रागाला दहापैकी गुण द्या आणि पहिल्या खेपेला पाच-सहा गुणांचीच घटना घ्या. दहाची घेऊ नका. नवशिक्याने पहिल्याच दिवशी खोल विहिरीत उडी मारू नये, तसंच हे.

आठवण्याच्या टप्प्यात वेळेची मर्यादा स्वतः घालून घ्या. 20 मिनिटं, मोबाइलवर गजर लावून. त्याहून जास्त झालं की आठवणं संपतं आणि उगाळणं सुरू होतं. वाक्यं कशी लिहायची हेही महत्त्वाचं. 'त्याने माझा गळा कापला' असं लिहिलं की अंग तापतं. 'मोजणी न करता त्याने तीन फूट बांध कोरला, मी विचारल्यावर चार लोकांसमोर मला भिकारी म्हणाला' असं लिहिलं की घटना कागदावर उतरते. विशेषणं काढा, क्रियापदं ठेवा. आकडे, वार, जागा, कोण उभं होतं, काय शब्द वापरले. दुखावलं कशाने, तेही लिहा. पुष्कळदा तीन फुटांपेक्षा तो 'भिकारी' शब्द जास्त रुतलेला निघतो, आणि मग क्षमा नेमकी कशाची करायची ते कळतं.

इथे दुसरी अडचण येते, भाषेची. तिचा वर्कबुकाने विचार केलेला दिसत नाही. सोलापूरच्या एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू कानावर पडते. अपमान ज्या भाषेत झाला त्याच भाषेत लिहा. शहराच्या पूर्व भागातल्या घरात सासूने तेलुगूत बोललेलं वाक्य मराठीत लिहिलं की त्यातला डंख निघून जातो, आणि डंख नसलेल्या गोष्टीची क्षमा करून उपयोग काय? लिपी येत नसेल तर देवनागरीत तेलुगू लिहा. इंग्रजी वर्कबुक असलं तरी उत्तरं इंग्रजीत देऊ नका. शिकलेली मंडळी ही चूक नेमाने करतात. इंग्रजीत उत्तरं छान, समजूतदार येतात आणि राग होता तिथेच राहतो.

मूळ शब्दाचीही पंचाईत आहे. 'माफ केलं' म्हटलं की मी वर आणि तो खाली असं होतं. 'क्षमा' म्हटलं की संतांचं काम वाटतं, आपलं नाही. 'अढी काढणं' हा शब्द चालतो, कारण त्यात समोरच्याने काही करायची गरज नाही. काम आपल्या मनातलं आहे.

दुसऱ्या टप्प्यात त्या माणसाच्या बाजूने पत्र लिहायचं असतं. आपल्याकडे ते लिहिताना एक ठरावीक गफलत होते: काकांच्या तोंडी काका कधीच बोलणार नाहीत अशी माफी घातली जाते. 'बाळ, माझं चुकलं, मला क्षमा कर.' वाचताना डोळे भरतात. चार दिवसांनी काका रस्त्यात तोंड फिरवून जातात आणि राग दुपटीने येतो. पत्र त्यांच्याच बोलीत लिहा, ते खरोखर जे बोलतील तेवढंच. 'तुझ्या बापाने मला हिशेब कधी दाखवला नाही. माझ्या दोन पोरींची लग्नं व्हायची होती.' बस. समजून घेणं आणि बरोबर ठरवणं यातली रेघ ओलांडली का, हे तपासायला एक सोपी खूण आहे. वाक्याच्या शेवटी 'म्हणून त्याला तसं वाटलं असेल' येत असेल तर ठीक. 'म्हणून त्याने केलं ते बरोबरच' येत असेल तर ते वाक्य खोडा.

रिकाम्या खुर्चीत तो माणूस बसला आहे असं समजून बोलण्याचाही प्रयोग या पद्धतीत आहे. दोन खोल्यांच्या घरात, शेजारी माग चालू असताना, मोठ्याने खुर्चीशी बोलायला कुणी धजावणार नाही. नाटकातल्यासारखे संवाद कागदावर लिहा: एक ओळ तुमची, एक त्यांची, साधारण 20 ओळी. काम तेच होतं.

तिसरा टप्पा, दान. इंग्रजीत हा टप्पा थोडा कोरडा वाटतो, मराठीत त्याला तयार शब्द आहे: पाणी सोडणं. दान देताना हातावरून उदक सोडतात आणि मग त्या वस्तूवर आपला हक्क सांगत नाहीत. कोणी आपल्याला कधी असं सोडून दिलं होतं ते इथे आठवायचं असतं. उधारी बुडवूनही परत दारात उभं करणारा दुकानदार, उलट उत्तर ऐकूनही ताट वाढणारी वहिनी. अशी निदान एक आठवण तपशिलासह लिहा. ती खरी असेल तर हा टप्पा अर्ध्या तासात होतो. ती आठवेना तर पुढे जाऊ नका, दोन दिवस थांबा.

आता नुकसानीची जागा. क्षमा, समेट आणि हक्क सोडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, असं वर्कबुकाच्या विचारात स्पष्ट आहे. आपल्या घरांत मात्र त्या एकाच वाक्यात येतात: 'झालं ते विसर आणि इथे सही कर.' बहिणींना हे वाक्य फार ऐकावं लागतं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. भावावरची अढी पूर्ण निघाली तरी तो हक्क जात नाही, आणि हिस्सा मागितला म्हणून क्षमा खोटी ठरत नाही. म्हणून आमची एक पक्की सूचना: वर्कबुक चालू असताना आणि संपल्यावर निदान दोन महिने कोणत्याही हक्कसोडपत्रावर, वाटणीपत्रावर सही करू नका. चौथ्या टप्प्यानंतर मन हलकं असतं, आणि हलक्या मनाने केलेली नोंदणीकृत सही मागे घ्यायला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

चौथा टप्पा पक्कं करण्याचा. तारीख घालून एका ओळीत लिहायचं: अमुक दिवशी, अमुक घटनेबद्दलची अढी मी सोडली. गटात हे शिकवताना एक कृती करतात, ती घरीही करा: तळहातावर पेनाने त्या घटनेचा एक शब्द लिहायचा आणि साबणाने धुवायचा. बॉलपेनाची शाई पहिल्या धुण्यात पूर्ण जात नाही, फिकट रेघ उरते. ती उरू द्यावी, मनातही तसंच होणार आहे. ही ओळ कुणाला दाखवायची असेल तर विश्वासातल्या तिसऱ्या माणसाला दाखवा. ज्याच्यावर राग होता त्याच्याकडे जाऊन 'मी तुम्हाला माफ केलं' म्हणू नका. त्याच्या हिशेबी चूक तुमचीच असते, आणि तिथे नवं भांडण उभं राहतं.

पाचवा टप्पा सोलापुरात जानेवारीत कसाला लागतो. सिद्धेश्वरांच्या यात्रेला बाहेरगावची सगळी भावकी घरी येते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत समोरासमोर गाठ पडते, वर संक्रांत असल्यामुळे तिळगूळ हातात असतो. त्या क्षणी पोटात कळ येते. वर्कबुक इथे नेमकं सांगतं: दुखऱ्या जागेची आठवण होणं म्हणजे अढी परत येणं नव्हे. भाजलेला हात चुलीजवळ आपोआप मागे येतो, तसं शरीर सावध होतं. तयारी म्हणून चौथ्या टप्प्याची ओळ मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. समोर आल्यावर बोलायचं एक वाक्य आधी ठरवा ('बरे आहात ना?' पुरेसं आहे) आणि दहा मिनिटांत निघायचं कारणही ठरवा. तिळगूळ द्यावासा वाटला तर द्या, नाही वाटला तर क्षमेत काही कमी पडलं असं समजू नका. रात्री कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडून जुने मेसेज वाचणं मात्र टाळा. सगळी मेहनत तिथे वाया जाते.

तीन तास सलग बसून हे उरकू नये. प्रत्येकी अर्ध्या तासाच्या सहा बैठका, मध्ये एकेक दिवस सोडून, म्हणजे दोन आठवड्यांत होतं. घाईने केलेलं का टिकत नाही त्यालाही आधार आहे: 2014 साली 54 अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात जास्त वेळ दिलेल्या पद्धतींचा परिणाम जास्त दिसला, आणि गटापेक्षा समुपदेशकाने एकेकट्याबरोबर केलेल्या कामाचाही. दहापैकी नऊ-दहा गुणांच्या रागाला तीन तास पुरत नाहीत. तिथे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांची चार टप्प्यांत विभागलेली लांब पद्धत समुपदेशकाबरोबर करावी.

कोणी हे घेऊच नये? ज्यांच्यावर अन्याय अजून चालू आहे त्यांनी. मारहाण होत असेल, पैसे काढून घेतले जात असतील, तर राग ही घंटा आहे, ती बंद करायची नसते. आधी सुरक्षितता: महिलांसाठी 181 हा क्रमांक आहे. वर्कबुक करताना झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर वही बंद करा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागातही दाखवता येईल.

फरक पडला का हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. या क्षेत्रात सर्रास वापरली जाणारी एक 12 विधानांची मोजपट्टी आहे: सात विधानं त्या माणसाला टाळण्याबद्दल, पाच सूड घ्यावासा वाटण्याबद्दल, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. म्हणजे टाळण्याचे 7 ते 35 आणि सुडाचे 5 ते 25. सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर दोन आठवड्यांनी भरा, आणि दोन्ही बेरजा वेगवेगळ्या ठेवा. सुडाची बेरीज उतरली आणि टाळण्याची तितकीच राहिली तर वर्कबुक फसलं असं नाही. त्या माणसाचा स्वभाव बदललेला नसेल तर त्याच्यापासून दोन हात लांब राहणं हेच शहाणपण, आणि तो आकडा तसाच राहू द्यावा.