सीएपीएम की गूगलचा कोर्स?

घाटकोपरची माझी भाची बीकॉम झाली आणि विचारत होती, "मामा, सीएपीएम करू की गूगलचा कोर्स?" दोन्ही प्रोजेक्ट मॅनेजमेंटचंच, म्हणजे प्रकल्प वेळेत आणि बजेटमध्ये पार पाडण्याचं शिक्षण. सीएपीएम हे पीएमआय या संस्थेचं, नवख्यांसाठीचं परीक्षा देऊन मिळणारं प्रमाणपत्र.

खर्च पाहिला तर कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरच्या गूगलच्या कोर्सला महिन्याची वर्गणी. लवकर संपवला तर पैसे वाचतात. सीएपीएमची फी पीएमआयला एकरकमी, आणि आधी २३ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं.

कस मात्र सीएपीएममध्येच लागतो: ३ तास, १५० प्रश्न, देखरेखीखाली. शिवाय दर ३ वर्षांनी नूतनीकरण. गूगलकडे अशी परीक्षा नाही, पण प्रोजेक्ट चार्टर (प्रकल्प कशासाठी आणि त्यात काय काय करायचं, हे सांगणारा कागद) स्वतः लिहावा लागतो, तो मुलाखतीत दाखवता येतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं काम आपल्याला जमेल का, हेच कळत नसेल तर गूगल. बीकेसीतल्या ज्या नोकरीवर डोळा आहे तिच्या जाहिरातीत सीएपीएम लिहिलेलं असेल, तर थेट तेच. भाचीला म्हटलं, आधी गूगल कर. त्या कोर्सचेच तास सीएपीएमच्या अर्जातल्या २३ तासांसाठी चालतात.