हापूस दलालाकडे पाठवायचा की जागेवर विकायचा? बुडालं तर कोणाचं, ते आधी बघा

मोहोर धरला की फवारणीला पैसा लागतो आणि वाशीच्या घाऊक बाजारातल्या दलालाकडून उचल, म्हणजे मालावरची आगाऊ रक्कम, येते. निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. तरीही यंदा माल दलालाकडे पाठवावा की बागेत येणाऱ्या व्यापाऱ्याला जागेवर द्यावा, असा विचार करत असाल, तर दराआधी एक बघा: पेटी गाडीत चढली की तो आंबा कोणाचा?

जागेवरच्या विक्रीत उत्तर सोपं आहे. वेगळं काही ठरलं नसेल, तर मालकीबरोबर जोखीमही व्यापाऱ्याकडे जाते. घाटात गाडी अडकली, आंबा नासला, तर नुकसान त्याचं. पुढे तो कोणाला काय सांगून विकतो, त्याच्याशी तुमचा संबंध नाही. तुमचा देणेकरी एकच, तो व्यापारी. दर मात्र कमी मिळतो. आणि चेक परत आला, तर आंबा गेलेला असतो, हातात फक्त पैसे मागण्याचा हक्क उरतो. म्हणून जागेवर द्यायचं तर रोखीनेच.

दलालाकडे पाठवलेला आंबा विकला जाईपर्यंत तुमचाच असतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे दलाल हा तुमचा एजंट. दर चढला तर फायदा तुमचा, पण कुजलं तरी तुमचं, आणि खरेदीदाराने बुडवलं तरी मूळ नियमाने तुमचंच, वसुलीची हमी दलालाने घेतली नसेल तर. बाजार समितीच्या परवान्याच्या अटी याहून कडक असू शकतात, त्या वाचून घ्या. शिवाय खरेदीदाराची पत न बघता उधार दिलं, तर एजंटाने भरपाई द्यावी, असं कलम २१२ चं उदाहरणच सांगतं.

माझ्या काकांना एकदा दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली. ४० पेट्या, त्यांतल्या ६ डागी, म्हणजे खराब, म्हणून लावलेल्या, आणि दर ठरल्यापेक्षा खाली. ‘याच्या खाली सोडू नका,’ असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. पण खरेदीदाराला ते कुठून कळणार? कलम २३७ मध्ये हुबेहूब हाच प्रसंग आहे: विक्रीसाठी माल पाठवला, किमान दर सांगितला, अजाण खरेदीदाराने त्याखाली घेतला, तर सौदा मालकाला बांधतो. फरक दलालाकडून मागता येतो. काकांना मागता आला नाही, कारण लेखी काही नव्हतं. ती पट्टी त्यांनी बरीच वर्षं पाकिटात जपून ठेवली होती, आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं.

दलालाच्या शब्दाचंही तसंच. वरच्या थरात मोठं फळ, खाली बारीक, आणि ‘सगळी पेटी एकसारखी’ असं सांगून त्याने तुमचा माल खपवला, तर कलम २३८ प्रमाणे ती फसवणूक तुम्हीच केल्यासारखी धरली जाते. एरवी एजंट स्वतः करारात अडकत नाही. पण तुमचं नाव न सांगता त्याने स्वतःच्या नावावर विकलं, तर कायदा त्यालाही बांधलेला धरतो (कलम २३०). खरेदीदार मग आधी त्याच्या गाळ्यावर जाईल.

उचलीचं सगळ्यात नीट समजून घ्या. कलम २०२ च्या उदाहरणात कापसाच्या १,००० गाठी आहेत: त्यांच्यावर उचल दिलेल्या एजंटाने त्या विकून आपले पैसे वळते करायचे ठरले, तर मालकाला तो अधिकार काढून घेता येत नाही. आंब्याचंही तेच. मालावर उचल घेतलीत, तर मधेच ‘आता दुसऱ्याकडे देतो’ म्हणणं अवघड.

माझं मत विचाराल तर हंगामाच्या सुरुवातीचा आंबा दलालाकडे पाठवा, तेव्हा दर चढा असतो आणि जोखमीचं चीज होतं. मे संपत आला, ढग दिसू लागले, की जागेवर, रोखीने मोकळे व्हा. आणि दलालाकडे पहिली पेटी जाण्याआधी व्हॉट्सॲपवर तीन ओळी टाका: किमान दर, उधार चालेल की नाही, खरेदीदाराने बुडवलं तर कोण भरणार. त्याचं ‘हो’ आलं की मगच गाडी भरा.