मिरकरवाड्याकडचं लेथ वर्कशॉप : रोबोट बनवताय तर इथे जाच

कॉलेजच्या रोबोवॉरसाठी, म्हणजे रोबोटांच्या लढतीसाठी, आम्ही चौघं ८ किलोचा स्पिनर (फिरत्या डिस्कने मारणारा रोबोट) बनवत होतो, आणि हा रिव्ह्यू खरं तर त्याची डिस्क ज्यावर फिरते त्या एका शाफ्टमुळे लिहितोय. रत्नागिरीत बंदराच्या रस्त्याला हे छोटं वर्कशॉप आहे, काम सगळं मच्छीमार बोटींचं, प्रोपेलरचे शाफ्ट, बुश वगैरे, त्यामुळे आमचं एवढंसं काम घेऊन आत जायला आधी संकोच वाटला.

पहिला शाफ्ट दुसरीकडून करून घेतलेला, ६००१ बेअरिंगसाठी १२ एमएमचा, तो टेस्टिंगलाच तुटला. डिस्क २०० एमएमची, ८ एमएम जाड, म्हणजे जवळजवळ २ किलो स्टील गरगर फिरतंय आणि ओंडक्यावर आपटलं की सगळा झटका शाफ्टवर. वर्कशॉपच्या काकांनी तुटलेले तुकडे उजेडात धरले, कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "बघ, जाडी बदलते तिथे कोपरा एकदम काटकोनात काढलाय, तिथनंच गेला. बोटीच्या शाफ्टचं पण हेच होतं." मग आम्ही नेलेल्या ईएन २४ च्या (मजबूत मिश्र पोलादाच्या) रॉडवर त्यांनी त्या स्टेपला बारीक गोलाई ठेवली, आणि ती किती ठेवायची हे बेअरिंग हातात घेऊन बघून ठरवलं कारण जास्त झाली तर बेअरिंग पूर्ण बसत नाही. फिलेटची, म्हणजे कोपऱ्याला अशी गोलाई द्यायची, कमांड आम्ही डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज बघतो, ती कशासाठी असते ते मला त्या लेथसमोर उभं राहून कळलं.

मजुरी ६०० रुपये, शाफ्टच्या मानाने योग्यच. मिलिंग आणि हार्डनिंग इथे होत नाही, लेझर कटिंगसाठी आम्हाला कोल्हापूर गाठावं लागलं. "उद्या ये" म्हणजे दोन-तीन दिवस धरून चला, आणि जुलैत तर शक्यतो जाऊच नका, १ ऑगस्टला मासेमारी सुरू होते त्यामुळे बोटवाल्यांची रांग असते आणि त्यांचं काम आधी होणार, ते बरोबरही आहे.

तीन फाइट झाल्या, डिस्कचे दात बोथट झालेत. शाफ्ट काकांना दाखवायला नेला तर त्यांनी हातातलं काम थांबवून तो लेथच्या चकमध्ये धरला, वाकलाय का ते कळावं म्हणून डायल लावून फिरवून बघितला, "सरळ आहे रे" म्हणाले आणि खाऱ्या हवेत गंज धरू नये म्हणून ग्रीस लावून पेपरात गुंडाळून परत दिला.