वेबसाइटचा मजकूर: एजन्सीच्या पॅकेजमधला की आपल्या हातचा?

उद्यमबागेतली फौंड्री असो, शहापूर-वडगावच्या साड्या असोत की कुंद्याचं दुकान, वेबसाइट करायला घेतली की बेळगावात प्रश्न हाच पडतो. मजकूर एजन्सीवर सोडायचा, की आपणच बसून लिहायचा?

एजन्सीला दिलं तर काम लवकर उरकतं, इंग्रजी नीटनेटकं येतं आणि आपला धंद्याचा वेळ वाचतो. हे काही कमी नाही. पण पानावर बहुधा काय येतं? ‘गुणवत्तेशी तडजोड नाही, ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय.’ हेच वाक्य फौंड्रीच्या साइटवरून उचलून मिठाईच्या साइटवर टाकलं तरी खपून जाईल. पुण्याच्या कारखान्यातला खरेदी अधिकारी त्यावर चौकशी पाठवत नाही. त्याचे प्रश्न ठरलेले असतात. ओतीव लोखंडाच्या प्रकारांपैकी ग्रे आयर्न की एसजी? ग्रेड कोणता, एफजी २६० मिळेल का, ५००/७ मिळेल का? एका नगाचं वजन किती किलोपर्यंत ओतता? साच्यासाठीचा नमुना म्हणजे पॅटर्न कोणी करायचा, मशिनिंग तुमच्याकडेच होतं का, टेस्ट रिपोर्ट देता का? ५००/७ म्हणजे ताणशक्ती किमान ५०० मेगापास्कल आणि लांबण किमान ७ टक्के, हे एजन्सीवाला शोधून लिहील. तो ग्रेड तुमच्याकडे रोज ओतला जातो की ऑर्डर आली तरच, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?

कुंद्याचंही तसंच. तो किती दिवस टिकतो, फ्रिजबाहेर राहतो का, गोव्याला किंवा मुंबईला कुरिअर करता का, हे गिऱ्हाईक फोनवर विचारतंच. तीच उत्तरं पानावर हवीत.

स्वतः लिहायचं म्हटलं की काम रेंगाळतं, ही अडचण मोठी आहे. त्यावर सोपी वाट म्हणजे गिऱ्हाइकाला सांगता तसं मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा आणि लिहिणाऱ्याच्या हाती द्या. माझं स्पष्ट मत आहे की माहिती तुमचीच असावी, भाषा दुसऱ्यानं सुधारली तरी चालेल.

एआयकडून पानंच्या पानं काढून घेण्याचा मोह होतो. गूगलने मार्च २०२४ मध्ये नियम कडक केले. शोधात वर येण्यासाठी ढिगानं काढलेला, वाचणाऱ्याच्या उपयोगाचा नसलेला मजकूर आता स्पॅममध्ये मोडतो, मग तो माणसानं लिहिलेला असो वा यंत्रानं. डिसेंबर २०२२ पासून गूगलच्या दर्जा तपासण्याच्या निकषांत प्रत्यक्ष अनुभवही आला आहे. तो तुमच्याकडे आयता आहे.

आपल्या भागात भाषेचा विचार आधी करावा लागतो. कारखान्यांशी व्यवहार असेल तर इंग्रजी हवंच. दुकानाला मात्र कोल्हापूर-निपाणीकडचं गिऱ्हाईक मराठीत शोधतं, हुबळी-धारवाडकडचं कन्नडमध्ये. प्रत्येक भाषेचं पान वेगळं, वेगळ्या पत्त्यावर ठेवा आणि कन्नड पान कन्नड माणसाकडून वाचून घ्या. डीटीपीवाल्यानं जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवला की अक्षरांचा खिचडा होतो, म्हणून कुठल्याही मोबाइलवर नीट दिसणारा युनिकोड मजकूरच मागा. फोटोवर छापलेल्या दरपत्रकावरही विसंबू नका, दर टाइप करूनच टाका.

मांडणी, मोबाइलवर पान झटकन उघडणं, फॉर्म चालणं ही कामं एजन्सीला खुशाल द्या. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मात्र स्वतःच्या नावावर घ्या, आणि दर बदलला की पान तुम्हाला स्वतः बदलता येईल असा पासवर्ड पैसे चुकते करण्याआधी हातात घ्या.