त्या व्हिडिओतली हिरव्या साडीतली बाई मी आहे

हिरव्या साडीतल्या एका बाईचा साक्षीचा, म्हणजे देवाने काय केलं ते सांगणारा, व्हिडिओ तुमच्या फोनवर कदाचित आला असेल. दोन्ही हात वर करून ती सांगते, "माझ्या मिस्टरांची साखर प्रभूने काढून टाकली, इन्सुलिन बंद झालं." ती बाई मी. ह्यांचं इन्सुलिन आजही दिवसातून दोनदा चालू आहे आणि डाव्या पायाचं एक बोट गेलं आहे. व्हिडिओ काढून टाका म्हणून त्या प्रार्थनेच्या गटाला तीनदा सांगून झालं. काढून टाकत नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

मी अहिल्यानगरची. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ साली आलं, त्यामुळे आमच्याकडे ख्रिस्ती घरं पिढ्यानपिढ्यांची. संडे स्कूल, वचनांचं पाठांतर, भजनं यांतच वाढले. त्यावर तीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डात काढलेली. आपल्याला कोण फसवणार, हा माज त्यातूनच आलेला.

लॉकडाउनमध्ये चर्च बंद होतं. एका मैत्रिणीने पहाटे पाचच्या ऑनलाइन प्रार्थनेची लिंक पाठवली. तिथले ब्रदर प्रत्येकाचं नाव घेऊन प्रार्थना करायचे. आमच्या स्वतःच्या चर्चच्या मंडळीतून त्या सहा महिन्यांत मला एकच फोन आला होता, तोही वर्गणीसाठी. हे कोणाला बोचलं तर बोचू दे.

सामील होताना एक फॉर्म भरायचा होता: घरात कोण आजारी, मुलं काय करतात, कशासाठी प्रार्थना हवी. मी सगळं लिहिलं. ह्यांची साखर, मुलाचा अडकलेला कॅनडाचा व्हिसा. दोन महिन्यांनी ब्रदर डोळे मिटून म्हणाले, "नगरकडची एक बहीण आहे... मला बर्फ दिसतोय... एक तरुण दारात उभा आहे, दार उघडतंय." मी मोबाईलसमोर गुडघ्यावर आले. फॉर्म आठवलासुद्धा नाही.

त्यानंतर त्यांनी मला बायबलमधलं यिर्मया २९:११ दिलं, हिताच्या संकल्पांचं वचन. कॅलेंडरवर, कपांवर, लग्नपत्रिकांवर असतं तेच. मग आलं 'बी पेरणं', म्हणजे देवाकडून मिळावं म्हणून आधी पैसे देणं. स्तोत्र ९१ चं संरक्षण हवं तर ९१०० रुपये. चंगाईसाठी, म्हणजे आजार बरा होण्यासाठी, यशया ५३:५, म्हणून ५३०५. आकडा वचनातून आला की हात आपोआप पाकिटाकडे जातो. पैसे गूगल पेवर, खातं एका माणसाच्या नावावर. पावती मागायचं मनातही आलं नाही. आम्ही बायका भाजीवाल्याकडून दोन रुपये सुटे मागून घेतो आणि इथे मुकाट्याने स्कॅन करत होतो.

माझ्या पाटल्या गेल्या त्या विधवेच्या दोन टोल्यांवर, म्हणजे बायबलमधल्या गरीब विधवेने मंदिरात टाकलेल्या दोन छोट्या नाण्यांवर. "तिने सगळी उपजीविका टाकली. तुम्ही काय मागे ठेवलंय?" असं ब्रदर विचारायचे आणि मग गप्प बसायचे. ती शांतता भयंकर असते. सासूबाईंनी दिलेल्या पाटल्या मी सराफाकडे मोडल्या आणि पैसे पाठवले. ह्यांना सांगितलं नाही.

मग तीन दिवसांचा उपास. तिसऱ्या दिवशी ह्यांची साखर ११८ आली. पोटात तीन दिवस काही नाही, तर साखर खाली येणारच. हे मी शिकाऊ मुलींना शिकवलेलं आहे. पण त्या दिवशी मी व्हिडिओसमोर उभी राहिले. ब्रदर म्हणाले, आता सुई घेणं म्हणजे अविश्वास. ज्या हातांनी हजारो इंजेक्शनं दिली, त्याच हातांनी मी इन्सुलिनचं पेन फ्रिजच्या मागच्या कप्प्यात ढकललं. ह्यांनी मला अडवलं नाही. नर्स बायको म्हणते आहे म्हटल्यावर कोण अडवणार?

सात आठवडे. चप्पल चावल्याची जखम बोटावर आधी लाल, मग काळी. पुढचं लिहीत नाही.

दवाखान्यात भेटायला आत्या आली. वय ८१, चाळीस वर्षं संडे स्कूलची टीचर. मी रडत रडत सगळं सांगितलं, पाटल्यांचंसुद्धा. ती रागावली नाही. पिशवीतून बायबल काढलं, लूकचा एकविसावा अध्याय उघडला आणि म्हणाली, "वर वाच." वर विसावा अध्याय संपतो. शेवटच्या ओळीत प्रभू येशू शास्त्र्यांबद्दल सांगतो की हे लोक विधवांची घरं गिळतात आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. लगेच पुढे ती विधवा येते. अध्यायांचे आकडे लूकने घातलेले नाहीत, ते तेराव्या शतकातले. मध्ये आकडा आला म्हणून मी जन्मभर तिथेच थांबत आले होते.

"आता यिर्मया." तिथेही वर वाचलं. दहाव्या वचनात सत्तर वर्षं आहेत. यहुदी लोकांनी बाबेलच्या बंदिवासात सत्तर वर्षं काढल्यावर देव त्यांना परत आणणार, असं ते वचन आहे. आणि त्याच्याही वर, आठव्या-नवव्या वचनांत, तुमच्यामधले संदेष्टे तुम्हांला फसवत आहेत, त्यांचं ऐकू नका. ज्या पानावरून मला फसवलं, त्याच पानावर इशारा छापलेला होता. मला हसू आलं, खरंच. शेजारच्या खाटेवरची बाई बघायला लागली.

मी विचारलं, पण बर्फ कसा दिसला त्यांना? आत्या म्हणाली, फॉर्ममध्ये कॅनडा लिहिलंस, मग वाळवंट दिसणार होतं का? आणि समजा खरंच दिसलं, तरी बायबलमधल्या 'अनुवाद' पुस्तकाचा १३ वा अध्याय वाच. संदेष्ट्याने सांगितलेलं चिन्ह घडलं तरी तो देवापासून दुसरीकडे नेत असेल तर त्याचं ऐकायचं नाही, असं तिथे स्पष्ट आहे. आजारपणाचं म्हणशील तर प्रेषित पौलाने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेत गावात आजारी सोडलं होतं. त्याचा विश्वास कमी होता का?

घरी आल्यावर मी गटावर साधा प्रश्न टाकला: ट्रस्टची नोंदणी आहे का, हिशोब कोण बघतं? उत्तर आलं, "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका." स्तोत्र १०५ आहे ते. वर वाचलं, तर तिथे गोष्ट अब्राहाम, इसहाक, याकोब यांची, परक्या देशांत भटकणाऱ्या मूठभर माणसांना राजांपासून वाचवल्याची. हिशोबाचा काही संबंधच नाही. उलट पौल यरुशलेमसाठी जमवलेली वर्गणी एकट्याने नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो, आपल्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून. २ करिंथ ८ मध्ये आहे. हे मी लिहिलं आणि दहा मिनिटांत मला गटातून काढलं.

पोलीस ठाण्यातले साहेब सभ्य होते. म्हणाले, मॅडम, तुम्ही स्वखुशीने दिलेत. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी केली, तर त्या नावाने नोंदणीच नाही. दान देण्याआधी एका फेरीत हे कळलं असतं.

पहाटेच्या प्रार्थनेला मी नावं ठेवत नाही. १९०५ साली पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली तासन्‌तास रडून प्रार्थना करत होत्या. पण रमाबाईंनी त्या मुलींना वाचायलाही शिकवलं, आणि सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी मरेपर्यंत खपल्या. आमचे ब्रदर म्हणायचे, "आता पुस्तक बंद करा, आत्म्याने ऐका." एवढ्या एका वाक्यावरून मला कळायला हवं होतं.

गेल्या महिन्यात जालन्याहून एका अनोळखी बाईंचा फोन आला. "सलाम ताई, तुमची साक्ष बघितली. तुमच्या मिस्टरांची साखर खरंच गेली का?"

मी नाही म्हटलं. बोटाचंही सांगितलं. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग हळूच म्हणाल्या, "मी आईच्या गोळ्या बंद केल्यात, परवापासून."

मी म्हटलं, फोन ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे न्या, आत्ताच.